रोजच्या थारला लाँग ट्रॅव्हल: कापाकापीआधी काय मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२१ ची डिझेल थार, हार्डटॉप. रोज चाकणला कामावर जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, शनिवार-रविवारी मावळ-मुळशीतल्या कच्च्या वाटा, वर्षातून एकदा स्पिती नाहीतर जैसलमेर. अमेरिकेतल्या वाळवंटी ट्रकांसारखं लाँग ट्रॅव्हल सस्पेन्शन हवं आहे. पुढचे आर्म (चाक चॅसीला जोडणारे दांडे) लांब करून द्यायला ओळखीचा फॅब्रिकेटर तयार आहे, साडेतीन लाखांपर्यंत खर्चाची तयारी आहे. गाडी मात्र रोज चालली पाहिजे. सुरुवात कुठून करू?

सुरुवात उकिडवं बसून, हातात मोजपट्टी घेऊन करायची. फॅब्रिकेटरला फोन नंतर. गेल्या वीस-बावीस वर्षांत माझ्याकडे 'लाँग ट्रॅव्हल करून द्या' म्हणत आलेल्यांपैकी बहुतेकांना आपलं चाक आज किती वर जातं आणि किती खाली येतं हेच ठाऊक नव्हतं. किती वाढवायचं म्हणून विचारलं की 'दोन इंच' म्हणतात. ते दोन इंच गाडीच्या उंचीचे असतात. ट्रॅव्हल म्हणजे चाकाची हालचाल, आणि गंमत अशी की उंची वाढवायच्या नेहमीच्या युक्त्या ही हालचाल एक तर खातात, नाहीतर भलत्या जागी ढकलतात.

मोजायचं असं. गाडी खरोखर सपाट फरशीवर उभी करा. वॉशिंग सेंटरची फरशी नको, तिला पाण्याच्या निचऱ्यासाठी उतार असतो. टायरची हवा नेहमीची, टाकी भरलेली, ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाचं काहीतरी (मी सिमेंटचं दीड पोतं ठेवतो). चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत लिहून घ्या. मग चॅसीखाली जॅक लावून चाकं हवेत लोंबू द्या आणि चॅसी स्टँडवर टेकवा. आता तेच अंतर जेवढं वाढलं तेवढा खालचा ट्रॅव्हल. वरचा मोजायला जास्त खटाटोप आहे. स्प्रिंग काढावी लागते, आणि ती काढायला स्प्रिंग कॉम्प्रेसरच हवा. साखळी बांधून काढणारे मी पाहिले आहेत, त्यातल्या एकाची दोन बोटं वाकडी आहेत. नुसता शॉकअप परत लावून चाक जॅकने वर ढकलत जायचं, रबरी बंप स्टॉप, म्हणजे चाकाला वर अडवणारा ठोकळा, नीट दबेपर्यंत. चार चाकं, वर आणि खाली, असे आठ आकडे होतात. त्यांच्याशिवाय पुढचं सगळं बोलणं हवेत आहे.

समजायला सोपं म्हणून धरू की पुढचं चाक १०० मिमी वर जातं आणि १०० मिमी खाली येतं. हे माझे उदाहरणाचे आकडे आहेत, तुमचे तुम्ही मोजायचे. आता लांब किंवा कडक स्प्रिंग घालून गाडी ४० मिमी उचलली. शॉकअप तोच, म्हणून एकूण ट्रॅव्हल २००च राहिला. पण वाटणी बदलली: वर १४०, खाली ६०. चाक खड्ड्यात उतरताना साठ मिलिमीटरला शॉकअप संपतो आणि 'टक्' करून ताणला जातो. उंच केलेल्या गाड्या स्पीडब्रेकर उतरताना जो आवाज करतात, तो हाच. कच्च्या वाटेवर अशा गाडीचं चाक मूळ गाडीपेक्षा लवकर हवेत उचललं जातं.

दुसरी युक्ती म्हणजे शॉकअपच्या डोक्यावर ठोकळा. ४० मिमी उंचीला ठोकळा पंचवीसेक मिमीचाच लागतो, कारण शॉकअप आर्मच्या मध्यात कुठेतरी बसलेला असतो आणि चाक त्याच्यापेक्षा जास्त हलतं. इथे वाटणी १००-१०० राहते, पण सगळा पल्ला ४० मिमी खाली सरकतो. बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा) आणि सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा) कंपनीने ठरवलेल्या शेवटच्या कोनाच्याही पुढे जातात. वर जाताना बंप स्टॉप टेकायच्या आधीच शॉकअप आतून बंद होऊ शकतो, म्हणजे धातूवर धातू. गाडी ऐटबाज दिसते, हे मान्य.

तुम्ही व्हिडिओत जे पाहता ते घडलं मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात. १९६७ साली तिथे पहिली 'मेक्सिकन १०००' धावली, तीच पुढे बाहा १००० झाली. आजच्या ट्रॉफी ट्रकच्या मागच्या चाकाला अडीच फुटांच्या आसपास ट्रॅव्हल असतो, कारण वाळूच्या लाटांवरून तुफान वेगाने जाताना गाडी सरळ ठेवायची असते. शर्यत झाली की ती गाडी पूर्ण उघडतात, जॉइंट बदलतात, शॉकअप नव्याने बांधतात. याच्या उलट टोकाला आपल्या गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात होणारी रेनफॉरेस्ट चॅलेंज. तिथे बहुतेक वेळ वेग माणसाच्या चालीचा. चिखल, ओढे, घळी. तिथे चाकाने खाली लोंबून जमीन शोधणं महत्त्वाचं, हवेतून आदळणं क्वचितच. दोन्हीला लोक 'लाँग ट्रॅव्हल' म्हणतात, पण पहिल्याला वरचा ट्रॅव्हल आणि दमदार शॉकअप लागतात, दुसऱ्याला खालचा ट्रॅव्हल आणि मऊ स्प्रिंग.

तुमचं काम कशात बसतं? चाकणच्या रस्त्यावर कंटेनरांनी केलेले तीक्ष्ण कडांचे खड्डे आणि रंग न मारलेले स्पीडब्रेकर: इथे शॉकअपचा दर्जा आणि बंप स्टॉप. मावळातल्या चरे पडलेल्या वाटा: खालचा ट्रॅव्हल, तोही मुख्यतः मागे. स्पितीच्या वाटेवरचा बातल ते ग्राम्फू हा भाग आणि तिकडचे पन्हळी पत्र्यासारखे रस्ते: तासन्‌तास बारीक हादरे, म्हणजे शॉकअपचं तेल तापणं. जैसलमेरच्या टेकड्या: वाळूचा माथा ओलांडून उतरताना वरचा ट्रॅव्हल. या चारांपैकी एकालाही पुढचे आर्म लांब करायची गरज नाही. तरीही तुम्ही विचारलं आहे, म्हणून त्या कामाचा हिशेब मांडतो. तो पाहून ठरवा.

२०२० पासूनच्या थारला पुढे डबल विशबोन आहे: वर एक आर्म, खाली एक आर्म, मध्ये स्प्रिंग-शॉकअप. मागे सलग एक्सल, मल्टिलिंक, कॉइल स्प्रिंग. (जिम्नी असती तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. तिला दोन्हीकडे सलग एक्सल आहे, तिथे ट्रॅव्हल वाढवणं बरंच स्वस्त पडतं.) विशबोन आर्म हा एक दांडा आहे, एका टोकाला खिळलेला. तो जास्तीत जास्त किती कोनात फिरू शकतो हे जॉइंट ठरवतात. कोन तोच ठेवून जास्त हालचाल हवी तर दांडा लांब करायचा, एवढंच लाँग ट्रॅव्हलचं तत्त्व.

आता आकडे घाला. समजा खालचा आर्म ३६० मिमी आणि ट्रॅव्हल २००. आर्म ६० मिमी लांब करून ४२० केला, तर ट्रॅव्हल त्याच प्रमाणात वाढून २३३ होतो. तेहेतीस मिलिमीटर मिळाले. त्यासाठी चाक दोन्हीकडे ६०-६० मिमी बाहेर आलं, म्हणजे पुढची ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) १२० मिमी रुंद झाली आणि टायर मडगार्डच्या बाहेर. चिखल आरशापर्यंत उडणार, पार्किंगमध्ये खांबाला टायर लागणार, आणि मागची ट्रॅक जुनीच राहिली तर पुढचे-मागचे टायर एका चाकोरीत चालणार नाहीत. कच्च्या वाटेवर हा शेवटचा त्रास सगळ्यांत जास्त होतो.

यापुढची गोष्ट फॅब्रिकेटर सहसा सांगत नाही. शॉकअप आर्मवर पिव्होटपासून, म्हणजे आर्म जिथे खिळलेला आहे तिथून, २२० मिमीवर आहे असं धरू. आधी प्रमाण होतं २२० भागिले ३६०, म्हणजे ०.६१. स्प्रिंगची ताकद चाकाशी पोहोचते ती या आकड्याच्या वर्गाने: ०.३७. स्प्रिंग ९ किलो प्रति मिमीची असेल तर चाकाला जाणवते साधारण ३.३५ किलोची. कोपऱ्यावर ४३० किलो वजन असेल तर गाडी त्या स्प्रिंगवर १२८ मिमी बसते. आता आर्म ४२० झाला, शॉकअप जागेवरच. प्रमाण ०.५२, वर्ग ०.२७. तीच स्प्रिंग चाकाला अडीच किलोचीही वाटत नाही आणि गाडी आणखी जवळपास पन्नास मिलिमीटर खाली बसते. म्हणजे ट्रॅव्हल वाढवायला निघालात आणि नाक जमिनीला. मूळ उंची परत आणायला स्प्रिंग सव्वाबारा किलोची लागेल, शॉकअपची वॉल्व्हिंगही (आतलं तेल अडवणाऱ्या झडपांची मांडणी) त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे छत्तीस टक्के, कडक करावी लागेल. नुसते आर्म बदलून जुने शॉकअप ठेवलेली गाडी चालवून पाहा: वळणावर होडीसारखी हेलकावते. (वरच्या हिशेबात शॉकअपचा तिरकेपणा मी सोडला आहे, प्रत्यक्षात तोही धरायचा.)

गाडी स्प्रिंगवर किती बसते हा आकडा मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यातून आरामही कळतो आणि खालच्या ट्रॅव्हलची मर्यादाही. या मिलिमीटरांचं वर्गमूळ काढा आणि त्याने १५.८ ला भागा. गाडी सेकंदाला किती वेळा झुलते ते मिळतं. १२८ चं वर्गमूळ ११.३, म्हणजे १.४ झोके. रोजच्या गाडीला १.२ ते १.५ चांगलं. दोनच्या पुढे गेलात तर चाकणपर्यंत कंबर बोलेल. आणि १२८ मिमी बसलेली स्प्रिंग चाक १२८ मिमी खाली आलं की पूर्ण सैल होते. त्याहून जास्त खालचा ट्रॅव्हल हवा तर मुख्य स्प्रिंग मऊ करून आधीचा दाब वाढवा किंवा तिच्या जोडीला छोटी हेल्पर स्प्रिंग द्या. नाहीतर स्प्रिंग बैठकीत खडखडते, कधी बैठक सोडून तिरकी बसते.

आता सीव्ही जॉइंट. पुढच्या प्रत्येक हाफ-शाफ्टला दोन जॉइंट असतात. चाकाकडचा जॉइंट स्टेअरिंगसाठी केलेला, तो चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत वळतो. डिफरन्शियलकडचा जॉइंट आत-बाहेर सरकतो, पण त्याचा कोन विशीच्या थोडा वर संपतो. म्हणजे गाडीचा पुढचा ट्रॅव्हल बहुतेक वेळा आतला जॉइंट ठरवतो. स्प्रिंग किती लांब आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आर्म लांब केले की शाफ्टही तेवढाच लांब हवा. इथे 'लेथवाल्याकडून मध्ये तुकडा वेल्ड करून घेऊ' हा सल्ला हमखास मिळतो. शाफ्ट उष्णतासंस्कार केलेल्या पोलादाचा असतो. वेल्डच्या शेजारची जागा ठिसूळ किंवा मऊ होते, आणि तुटतो तो ४-लो मध्ये (चारही चाकांना ताकद, सगळ्यांत खालचा गिअर), चढावर, चाक वळलेलं असताना. योग्य पोलादातून अखंड शाफ्ट, स्प्लाइन कापून, उष्णतासंस्कार करून घ्यायचा. तुमच्या साडेतीन लाखांतला मोठा तुकडा हे दोन शाफ्टच घेऊन जातील, आणि एखादा तुटला तर स्पितीतल्या काझाला तो कुठल्याच दुकानात मिळणार नाही. कंपनीचा शाफ्ट निदान मनालीपर्यंत कुणी पाठवू शकतो.

बॉल जॉइंटऐवजी युनिबॉल घ्या असंही तुम्हाला कुणीतरी सुचवलं आहे. युनिबॉल म्हणजे उघडी गोल बेअरिंग. कोन जास्त देते, शर्यतीत उत्तम. पण तिला रबरी टोपी नसते. मुळशीतल्या एका पावसाळ्याचा लाल चिखल तिच्यात गेला की दिवाळीपर्यंत खटखट सुरू. आर्मच्या आतल्या टोकाला रॉड-एंड लावले तर रस्त्याचा प्रत्येक खडा केबिनमध्ये ऐकू येतो. रोजच्या गाडीत रबरी बुश ठेवा. आणि बुशबद्दल एक गोष्ट, जी चांगल्या चांगल्या गॅरेजात चुकते: रबरी बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, नेहमीच्या उंचीला, शेवटचा आवळायचा. गाडी लिफ्टवर चाकं लोंबलेली असताना आवळला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं, तीन-चार महिन्यांत फाटतं, आणि दोष लिफ्ट किटवर जातो.

टायरॉडचं, म्हणजे स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं, गणित मात्र वेळ काढून करा. चाक वर-खाली होताना आर्म एक कमान काढतो आणि टायरॉड दुसरी. दोन कमानी जुळल्या नाहीत तर चाक स्वतःहून आत-बाहेर वळतं. स्टेअरिंग सरळ धरलेलं असतानाही खड्ड्यागणिक गाडी भुलते. आर्म ६० मिमी लांब केला तर टायरॉडही बाहेरच्या बाजूने ६० मिमीच लांब व्हायला हवा, आणि त्याची उंचीही जागेवर राहायला हवी. तपासायला महागडं यंत्र लागत नाही. हबला प्लायवूडचा एक सरळ तुकडा बोल्टने लावा, त्याच्या दोन टोकांपासून भिंतीशी समांतर ताणलेल्या दोरीपर्यंतचं अंतर मोजा, आणि स्प्रिंग काढलेल्या अवस्थेत चाक वीस-वीस मिलिमीटर हलवत प्रत्येक टप्प्याला आकडे लिहा. मधल्या शंभर मिलिमीटरमध्ये, म्हणजे वर पन्नास खाली पन्नास, दोन टोकांतला फरक जवळजवळ हलता कामा नये. रस्त्यावरचं तुमचं बहुतेक आयुष्य तेवढ्यातच जातं. शेवटच्या टोकाला थोडा बदल चालतो.

एवढं सांगूनही आर्म बनवायचेच असतील तर फॅब्रिकेटरकडे तीन गोष्टी बघा. पहिली, त्याच्याकडे जिग (वेल्ड करताना तुकडे नेमक्या जागी धरणारा साचा) आहे का. डोळ्यांच्या अंदाजाने बनवलेले डावा-उजवा आर्म कधी सारखे होत नाहीत आणि ते अलाइनमेंटच्या मशीनवर कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. दुसरी, शिवणीचा ईआरडब्ल्यू पाइप वापरतो की बिनशिवणीचा सीमलेस. तिसरी, वेल्डची डाय पेनिट्रंट चाचणी करून देतो का. लाल द्रव लावायचा, पुसायचा, पांढरा फवारा मारायचा. तडा असेल तर लाल रेघ उमटते. भोसरीत हे काम कारखान्यांसाठी रोज चालतं, काही मोठी गोष्ट नाही. नकार देणाऱ्याकडून मी बिजागरीसुद्धा करून घेणार नाही. हब ज्यावर बसतो त्या घडीव स्टेअरिंग नकलवर तर कुणालाच वेल्ड करू देऊ नका.

आता मागे या, कारण खरी मजा आणि खरा फायदा तिथे आहे. सलग एक्सलला सीव्ही नाहीत. एक चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. लांब शॉकअप आणि जुळती स्प्रिंग घातली की पन्नास-साठ मिलिमीटर खालचा ट्रॅव्हल फारशी तोडफोड न करता मिळतो. पण मग एकेक तपासायचं: ब्रेकची रबरी नळी, एबीएसची वायर, अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक, एक्सलच्या ब्रीदरची नळी, प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला जाणाऱ्या दांड्याचा) कोन आणि त्याचा सरकता जोड. शाफ्टच्या दोन युनिव्हर्सल जॉइंटचे कोन एकमेकांच्या अंशभर आत असावेत, नेहमीच्या उंचीला तीन अंशांच्या फार पुढे जाऊ नयेत. नाहीतर ऐंशीच्या वेगाला पायाखाली एक गुणगुण सुरू होते आणि लोक चाकं बॅलन्स करत बसतात.

एक्सल आडवा सरकू नये म्हणून ज्या गाड्यांत पॅनहार्ड रॉड असतो, तिथे आणखी एक हिशेब आहे. ९०० मिमी लांबीचा रॉड आडवा असताना एक्सल १०० मिमी हलला तर तो साडेपाच मिमी बाजूला सरकतो. २०० मिमी हलला तर साडेबावीस. ट्रॅव्हल दुप्पट, सरक चौपट. टायर आतल्या बाजूने घासायला लागतो तो याच्याचमुळे. २०२२ च्या स्कॉर्पिओ-एनमध्ये मागे वॅट लिंकेज दिलं, त्यात हा आडवा सरकाव जवळजवळ जातो.

माझी स्वतःची चूक इथे सांगतो. सुरुवातीच्या काळात एका पाट्यांच्या जुन्या जीपला मी मागे लांब शॅकल (पाट्यांचं टोक चॅसीला जोडणारी पट्टी) आणि लांब शॉकअप लावले. गाडी रॅम्पवर चढवून फोटो काढले, छान लोंबलेलं चाक, मालक खूश. मी पाहिलं होतं ते एक चाक खाली असतानाचं. दोन्ही चाकं एकाच वेळी पूर्ण लोंबली तर काय, हे बघितलंच नाही. पंधरा दिवसांनी एका बांधावरून उतरताना मागचा एक्सल पूर्ण खाली आला आणि मधली ब्रेकची नळी जोडापासून उपटली. शेतातच होती, वेग नव्हता, पुढचे ब्रेक शाबूत होते. तीच नळी वरंध्याच्या उतारावर गेली असती तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. तेव्हापासून नियम: नळी आधी, शॉकअप नंतर. आणि एक्सल व चॅसीच्या मध्ये लिमिट स्ट्रॅप, म्हणजे जाड विणलेला पट्टा, शॉकअप पूर्ण ताणला जायच्या दहा-बारा मिलिमीटर आधी अडवणारा. पट्टा भाराखाली थोडा लांबतो, तेवढी जागा धरून कापायचा.

दुसऱ्या टोकाला बंप स्टॉप. साधा रबरी ठोकळा म्हणजे शेवटी भिंतच. त्याऐवजी फेसाळ पॉलियुरेथेनचा, हळूहळू कडक होत जाणारा बंप स्टॉप घाला, निदान पुढे. पैशामागे एवढा फरक देणारी दुसरी वस्तू सस्पेन्शनमध्ये नाही. टायर मोठे करणार असाल तर तेही इथेच मोजा. तुमचा २५५/६५ आर१८ टायर जवळपास ७८९ मिमी व्यासाचा आहे. ३३ इंची म्हणजे ८३८. त्रिज्या पंचवीस मिमीने वाढली, तेवढा टायर मडगार्डला आधी टेकतो, म्हणून बंप स्टॉप तेवढा खाली आणावा लागतो. लाखभर घालवून मिळवलेला वरचा ट्रॅव्हल टायरने परत घेतला.

शॉकअप घेताना रंग आणि रिझर्व्हायर बघू नका. बघा: मोनोट्यूब आहे का, उघडून सील बदलता येतात का, वॉल्व्हिंग बदलून देणारा माणूस तुमच्या शहरात आहे का. मोनोट्यूबमध्ये तेल आणि नायट्रोजन यांच्यात तरंगता पिस्टन असतो, त्यामुळे तेलाला फेस येत नाही, आणि नळीची भिंत थेट वाऱ्याला असल्याने उष्णता लवकर जाते. स्पितीच्या पन्हळी रस्त्यावर दीड तासाने हाच फरक कळतो: साध्या शॉकअपची गाडी तरंगायला लागते, स्टेअरिंग हलकं पडतं. उलट मोनोट्यूबची नळी दगडाने चेपली तर पिस्टन तिथेच अडकतो, म्हणून खालच्या बाजूला ढाल हवी. शर्यतीचे शॉकअप दर काही महिन्यांनी उघडून बांधायचे असतात. रोज पन्नास किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ते परवडत नाही, पैशाने नाही आणि वेळेनेही नाही.

उलटण्याचाही विचार करा. ट्रॅकच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागलं की एक ढोबळ आकडा मिळतो. जितका मोठा तितकी गाडी स्थिर. ट्रॅक १५२० आणि गुरुत्वमध्य ७५० मिमी धरला तर १.०१. गाडी ५० मिमी उंच केली की ०.९५. छपरावर कॅरिअर आणि दोन जेरीकॅन चढवले की आणखी खाली. शिवाय थारच्या ईएसपीचं (गाडी घसरताना आपोआप ब्रेक लावून सावरणाऱ्या यंत्रणेचं) गणित मूळ उंची, मूळ टायर आणि मूळ ट्रॅक धरून केलेलं आहे. ते तुमचे नवे आर्म ओळखत नाही.

कायद्याचंही बोललं पाहिजे, कारण 'सगळेच करतात' हे उत्तर न्यायालयात चालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गाडीची रुंदी वाढवणारे घरगुती आर्म यात अडकतात. अपघात झाला तर विम्याच्या सर्वेअरला वेल्ड केलेला आर्म दिसायला चष्मा लागत नाही. वॉरंटीबद्दल बोलायलाच नको.

तर तुमच्या जागी मी काय करीन? पुढे मूळ आर्म, मूळ शाफ्ट, मूळ ट्रॅक. उंची वाढवलीच तर पंचवीस-तीस मिलिमीटर, तीही आधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारून. पुढचा मोनोट्यूब शॉकअप मूळपेक्षा थोडा जास्त उघडणारा, पण आतला सीव्ही आपल्या मर्यादेच्या दोन-तीन अंश अलीकडे थांबेल अशा लांबीचा. ही लांबी किटच्या डब्यावर छापलेली नसते, चाक हलवून मोजावी लागते. पुढे चांगले बंप स्टॉप. मागे लांब शॉकअप, मऊ आणि लांब स्प्रिंग, लांब ब्रेक नळ्या, लिमिट स्ट्रॅप. वाटेवर मागच्या अँटी-रोल बारची लिंक काढता येईल अशी सोय, आणि डांबरावर परत येण्याआधी ती लावायची आठवण म्हणून किल्लीला लाल फीत. टायर मूळ मापाचेच, ऑल-टेरेन. काम झालं की अलाइनमेंट, स्टेअरिंग अँगल सेन्सर शून्यावर, हेडलाइट खाली. पाचशे किलोमीटरवर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कने तपासायचे. तुमच्या बजेटमध्ये हे आरामात बसतं आणि स्पितीच्या डिझेललाही उरतं.

यात लांब आर्मची ऐट नाही, हे मला कळतं. ती हवीच असेल तर पाट्यांची जुनी जीप घ्या आणि बंद ट्रॅकवर ट्रेलरवरून न्या. तिच्यावर हवं ते कापा, मीही हौसेने येईन.

तोवर येत्या रविवारी आठ आकडे काढा. त्यांच्यासोबत पुढच्या आर्मची पिव्होटपासून बॉल जॉइंटपर्यंतची लांबी, पिव्होटपासून शॉकअपच्या बोल्टपर्यंतचं अंतर, आणि वजनकाट्यावर पुढचा-मागचा एक्सल वेगवेगळा तोलून आलेलं वजन एवढं लिहून पाठवा. धर्मकाट्यावर दोन चाकं वर, दोन खाली असं उभं राहायला काटेवाला कुरकुर करतो, चहा पाजा. हे हातात आलं की स्प्रिंग किती किलोची आणि शॉकअप किती लांबीचा ते बसून काढू.